ढगाच्या आकाराचं भोक : प्रकल्प नोंदी, नागपूर

३ फेब्रुवारी २०२५

मंजुरीचे कागद आधीच हातात होते, पण काम खऱ्या अर्थानं आज सुरू झालं. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांसाठी पुढच्या सहा तासांचा पावसाचा अंदाज आज मिळतो त्याहून बरा करायचा, आणि त्यासाठी इन्सॅट उपग्रहांच्या प्रतिमा हवामानाच्या संगणकी मॉडेलच्या पोटात घालायच्या, एवढंच करायचं आहे.

दोन-तीन दिवसांचे अंदाज आता पुष्कळ सुधारले आहेत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं आणि ते छत्तीसगडवरून विदर्भाकडे सरकणार, हे जागतिक मॉडेलं बऱ्यापैकी सांगतात. अडतं ते जवळच्या वेळेवर. आज दुपारी चारला पाऊस हिंगण्यावर पडेल की कामठीवर, हे सांगणं फार अवघड. आम्ही सुरुवातीची स्थिती घेतो ती जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक मॉडेलची. ते दिवसातून चार वेळा चालतं, आणि पहाटे साडेपाचचा रन हातात यायला सकाळचे साडेनऊ-दहा होतात. शिवाय आम्हाला हवे ते ढग त्यात नसतातच. पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या चौकटीत गडगडाटी ढग विरून जातो. मग आमचं छोट्या भागाचं मॉडेल, डब्ल्यूआरएफ, कोऱ्या आभाळानं सुरू होतं आणि स्वतःचे ढग जमवायला तीन ते सहा तास घेतं. वळवाच्या पावसाचं आख्खं आयुष्य दीड-दोन तासांचं. मॉडेलमध्ये ढग तयार होईपर्यंत इकडे रस्ते वाळलेले असतात.

रचना अशी: बाहेरची चौकट ९ किलोमीटरची जाळी, आत विदर्भावर ३ किलोमीटरची. आतल्या जाळीत ढगांचं गणित थेट सुटतं. जाळी बारीक, म्हणून गणिताचं दर पाऊल १८ सेकंदांचं ठेवलंय.

पहिली चाचणी कोणत्या दिवसाची, यावर चर्चा करावीच लागली नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, नागपुरात पूर आला ती.

७ फेब्रुवारी

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅक या संकेतस्थळावरून उपग्रहाच्या फाईली उतरवायला घेतल्या. त्या रात्रीसाठी इन्सॅट-३डीआर उपग्रहाच्या प्रतिमा आहेत, दर अर्ध्या तासाला एक. त्याचा जोडीदार इन्सॅट-३डीएस तेव्हा अवकाशात नव्हता, तो १७ फेब्रुवारी २०२४ ला गेला. रोजच्या चाचण्यांना मात्र दोन्ही मिळतील आणि दोघांच्या वेळा एकमेकांत बसवल्या की पंधरा मिनिटांना एक प्रतिमा हाती येईल.

फाईल उघडली की तापमान नसतं, ० ते १०२३ मधला एक आकडा असतो. शेजारी तक्ता दिलेला असतो. आकडा तक्त्यात टाकायचा, मग त्या ठिपक्याचं तापमान मिळतं. वाहिनी म्हणजे उपग्रह पाहतो त्या लहरींचा एकेक पट्टा. उष्णतेच्या वाहिनीत एक ठिपका ४ किलोमीटरचा, बाष्पाच्या वाहिनीत ८ चा.

एम.टेक.च्या मुलानं दोन दिवस खपून २३ सप्टेंबरच्या सगळ्या फाईली उतरवल्या आणि पावसाच्या नोंदींशी काही जुळेना. फाईलींवरची वेळ ग्रीनिचची. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ. त्याला २२ तारीख घ्यायला सांगितली. पर्जन्यमापकाचा दिवस पुन्हा तिसराच, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. तीन घड्याळांचा एक तक्ता करून भिंतीवर डकवला.

१५ फेब्रुवारी

उपग्रहाशिवायचा रन पूर्ण झाला. आपल्याकडे यालाच कंट्रोल म्हणतात. पुढच्या प्रत्येक प्रयोगाची तुलना याच्याशी. मॉडेलनं त्या रात्री शहरावर भुरभुर दाखवली. जोराचा पट्टा होता, पण तो पश्चिमेला आणि पहाट उलटून गेल्यावर. प्रत्यक्षात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरीचा तलाव ओसंडला होता, नाग नदी घराघरांत शिरली होती, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या.

संध्याकाळी मावशीकडे गेले. ती नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावर राहते. त्या पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला आणि तो पाण्यात पडला, तेव्हा तिला जाग आली. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, कॅलेंडरच्या खिळ्याखाली चार बोटं. दोनदा रंग दिला, तरी ओल धरली की ती पुन्हा वर येते. शिलाईची मशीन तेव्हा पाण्यात गेली. मोटर बदलली, पण टाका अजून सुटतो.

मी काय करते हे तिला मागेही सांगितलं होतं. आज तिनं नीट विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाली, "दोन वाजता कोणी उठवलं असतं ना, तर मशीन पलंगावर ठेवली असती. बाकी जाऊ दे, तेवढी तरी ठेवली असती."

अहवालात उद्दिष्टाची भाषा वेगळी आहे. माझ्या वहीत पहिल्या पानावर मी हे वाक्य लिहून ठेवलंय.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुटी. मॉडेलच्या चुकांचा हिशेब काढायला महिनाभराचे रन लागतात, ते सकाळी रांगेत लावून आले.

५ मार्च

चुकांचा हिशेब म्हणजे काय, ते लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एकाच क्षणासाठी दोन अंदाज घ्यायचे, एक २४ तास आधीचा आणि एक १२ तास आधीचा. दोघांत जो फरक, त्यावरून मॉडेल कुठे आणि किती डळमळतं हे कळतं. असे महिनाभराचे फरक जमवले की समजतं, की इथे ओल चुकली तर शेजारच्या ठिकाणी किती चुकते आणि त्याबरोबर वारा कसा बदलतो.

आज एकाच नोंदीची परीक्षा घेतली. नागपूरवर एकाच ठिकाणी, एकाच उंचीवर हवा थोडी जास्त ओली आहे, असं मॉडेलला सांगितलं आणि ती बातमी कुठवर पोचते ते पाहिलं. ती पार छिंदवाड्यापलीकडे गेली. सातपुडा ओलांडून! नागपूरच्या एका ठिपक्यावरून पलीकडच्या पठाराची हवा ओली करायची, हे पटण्यासारखं नाही. पसरण्याचं अंतर निम्म्याहून कमी केलं. ९ किलोमीटरच्या जाळीला चालेल ते ३ च्या जाळीला चालत नाही.

१२ मार्च

आजची नोंद लांबणार आहे.

उपग्रहाच्या बाष्प वाहिनीची मोजमापं पहिल्यांदा मॉडेलमध्ये घातली. पद्धत सरळ आहे. मॉडेलची हवा खरी मानली तर उपग्रहाला वरून किती तापमान दिसायला हवं, ते गणितानं काढायचं. प्रत्यक्षात किती दिसलं ते शेजारी ठेवायचं. जो फरक उरेल तो मिटेल अशा बेतानं मॉडेलमधली ओल आणि तापमान हलवायचं, पण चुकांच्या हिशेबानं परवानगी दिली आहे तेवढंच.

अडचण ढगांची आहे. ढग मध्ये आला की उपग्रहाला फक्त त्याचा माथा दिसतो, खालची हवा झाकली जाते. ढगातून येणाऱ्या उष्णतेचं गणित अवघड आणि मॉडेलचे ढग नेमके त्याच जागी नसतात. म्हणून आधी चाळणी लावतात. ज्या ठिपक्यावर ढगाचा संशय, तो बाद.

चाळणीतून उरलेले ठिपके नकाशावर मांडले आणि मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. पहाटे दोनची वेळ. मराठवाड्यावर ठिपके आहेत, तेलंगणाकडे ठिपके आहेत. विदर्भाच्या मधोमध मोठं भोक आहे, बरोबर त्या ढगाच्या आकाराचं. अंबाझरी, सीताबर्डी, मावशीचं घर, सगळं त्या भोकात. ज्या ढगासाठी हा प्रकल्प मांडला, त्याच्यावरची एकूण एक नोंद आम्ही स्वतःच्या हातानं फेकून दिली होती. आणि जिथे आभाळ मोकळं होतं, जिथे कुणाला आमच्या अंदाजाची गरज नव्हती, तिथली हवा मॉडेलमध्ये छान दुरुस्त झाली होती.

रन तरीही चालवला. कंट्रोलपेक्षा थोडा बरा. पट्टा शहराकडे जरा सरकला, वेळ तीच उशिराची.

२० मार्च

उपग्रह काय पाहतो आणि मॉडेलला काय वाटतं, यांत कायमचा एक ठरावीक फरक असतो. तो थोडा उपकरणाचा, थोडा गणिताचा. तो आधी काढून टाकला नाही तर मॉडेल रोज थोडं थोडं ओलं होत जातं. आम्ही दोन आठवड्यांच्या मोकळ्या आभाळाच्या ठिपक्यांवरून तो काढला.

सप्टेंबरच्या फाईलींत एक गोष्ट वेगळी तपासावी लागली. २३ सप्टेंबर म्हणजे विषुवदिनाचा काळ. या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य पृथ्वीच्या अगदी काठावरून भूस्थिर उपग्रहाच्या कॅमेऱ्यात डोकावतो आणि आखूड लहरलांबीच्या वाहिन्यांत खोटा उजेड येतो. म्हणून ३.९ मायक्रॉनची वाहिनी त्या रात्रीपुरती वगळली. दृश्य प्रकाशाची तर रात्री नसतेच. उरल्या उष्णतेच्या दोन आणि बाष्पाची एक. त्यांवरच भागवायचं.

२५ मार्च

सरांबरोबर बैठक, दोन तास. मी भोकाचा नकाशा समोर ठेवला. सरांचं म्हणणं, मोकळ्या हवेला कमी लेखू नका. ढग पुढच्या तीन तासांत वाढेल की विरेल हे त्याच्याकडे वाहत येणारी ओल ठरवते आणि ती मोकळ्या हवेतच असते. बरोबर आहे. माझं म्हणणं, पण तो ढग मॉडेलमध्ये मुळात असायला तर हवा.

युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या केंद्रानं २००९ मध्येच सूक्ष्मलहरींच्या काही मोजमापांना ढग-पावसासकट घ्यायला सुरुवात केली. पण सूक्ष्मलहरींची उपकरणं ध्रुवीय कक्षेत फिरतात, आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. पहाटे दोनला ती इथे असतील याचा काय भरवसा? सतत पाहणारा इन्सॅटच, आणि तो ढगाचा माथाच पाहतो.

सर शेवटी म्हणाले, "मग माथ्यापासून सुरुवात करा. माथा खोटा नाही ना?" ठरलं ते असं. ढगाच्या माथ्याचं तापमान मॉडेलच्या तापमानाच्या उभ्या रेषेवर बसवायचं, म्हणजे उंची मिळते. तिथून खाली ढगाच्या तळापर्यंत हवा संपृक्त, म्हणजे बाष्पानं काठोकाठ भरलेली, करायची. आणि उपग्रहाला मोकळं आभाळ दिसतंय तिथे मॉडेलनं ढग केला असेल, तर तो काढून टाकायचा. अमेरिकेचं दर तासाला चालणारं ३ किलोमीटरचं एचआरआरआर मॉडेल २०१४ पासून कामात आहे, त्यातही ढग घालण्या-काढण्याचा टप्पा आहे. आपल्याला तो आपल्या आभाळावर बसवायचा आहे.

३० मार्च

गुढीपाडवा. काम बंद. कडुनिंब-गूळ खाऊन दुपारी मावशीकडे. तिनं मशीनखाली विटा लावून घेतल्यात.

३ एप्रिल

ढग घातले आणि मॉडेल बुडालं.

म्हणजे पाऊस आला, वेळेवर आला, पण वर्धा ते भंडारा सगळीकडे आला. कारण संध्याकाळी सापडलं. वाढलेल्या गडगडाटी ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा आडवा पसरतो. वरच्या वाऱ्यानं तो पापुद्रा शंभर-शंभर किलोमीटर वाहत जातो. वरून पाहिलं तर तोही तितकाच थंड, उणे साठ-सत्तर अंश. पण त्याच्याखाली हवा कोरडी असू शकते. आम्ही त्या पापुद्र्याखालची सगळी हवा जमिनीपर्यंत ओली करून टाकली होती.

माथा खोटा नसतो. त्याच्याखाली काय आहे, हे मात्र तो सांगत नाही.

त्यावर उपाय म्हणून दोन वाहिन्यांतला फरक वापरला. उंच, दाट ढगात बाष्प वाहिनीचं आणि उष्णता वाहिनीचं तापमान जवळजवळ सारखं येतं. पातळ पापुद्र्यात खालची उष्णता झिरपते आणि दोघांत अंतर पडतं. अंतर मोठं असेल तिथे हवा भिजवायची नाही, फक्त वरच्या थरात बर्फाचे कण टाकायचे. पाऊस निम्मा झाला. तरी जास्तच.

९ एप्रिल

आज घालणं बंद ठेवून नुसतं काढणं चालू ठेवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून.

निकाल पाहून तोच रन पुन्हा चालवला, काही चुकलं असेल म्हणून. पुन्हा तोच निकाल. तिन्ही प्रयोगांत हा सर्वांत चांगला. चार दिवसांच्या चार वेगवेगळ्या चाचण्या घेतल्या. त्यांतल्या तीनमध्ये नुसते खोटे ढग काढल्यानं जेवढा फायदा झाला, तेवढा खरे ढग घातल्यानं झाला नाही.

सर म्हणाले, शोधा का. शोधलं. मॉडेल स्वतःहून चुकीच्या जागी पाऊस पाडतं, तेव्हा तिथली अस्थिर हवा वापरून टाकतं. शिवाय पावसामुळे गार झालेली हवा जमिनीवरून चहूकडे पसरते आणि शेजारी नवे ढग उठवते, किंवा उठायचे ते दाबून टाकते. सुरुवातीची एक खोटी सर पुढच्या चार तासांचं गणित बिघडवते. ती काढली की खऱ्या ढगाला लागणारी ऊर्जा शाबूत राहते आणि तो आपल्या जागी आपोआप उभा राहतो.

उपग्रहाच्या प्रतिमेत आपण नेहमी ढग शोधतो. प्रतिमेतल्या मोकळ्या जागाही तितकीच पक्की बातमी देतात, हे मी आजवर कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि मोकळ्या जागेबद्दल उपग्रहाची चूक फारशी होत नाही. रात्रीचे खालचे ढग सोडले तर.

१६ एप्रिल

एम.टेक.च्या मुलानं आज मोठी चूक पकडली, आणि ती माझी होती.

रोजच्या वळवाच्या ढगांवर तो इन्सॅटच्या प्रतिमा आणि नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र एकमेकांवर ठेवून पाहत होता. प्रत्येक वेळी रडारवरचा पाऊस ढगाच्या सर्वांत थंड माथ्याच्या दक्षिणेला. पूर्व-पश्चिम थोडं इकडे-तिकडे, पण दक्षिणेला म्हणजे दक्षिणेलाच. त्याला आधी नकाशाच चुकला असं वाटलं. मग येऊन म्हणाला, "ताई, उपग्रह आपल्या डोक्यावर नाहीच ना."

नाहीच. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर, आपण २१ अंश उत्तरेला. तो आपल्याकडे तिरकं पाहतो. उंच ढगाचा माथा त्या तिरक्या रेषेत त्याच्या खऱ्या जागेच्या उत्तरेला, जमिनीवर पुढे पडल्यासारखा दिसतो. सरळ भूमिती आहे. नागपूरवरून त्याची तिरकस रेषा उभ्या रेषेशी सुमारे २५ अंश करते. माथा १५ किलोमीटर उंच असला की सरक होते १५ गुणिले ०.४६, म्हणजे ७ किलोमीटर.

सात किलोमीटर म्हणजे शून्य मैलाच्या खांबापासून विमानतळापर्यंत जेवढं, साधारण तेवढं. आमच्या जाळीत दोन चौकटींहून जास्त. इतके दिवस आम्ही प्रत्येक उंच ढग त्याच्या जागेपासून दोन घरं उत्तरेला ठेवत होतो. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते आणि अंबाझरीत येते. तो पाणलोट एवढा छोटा, की पाऊस सात किलोमीटर वर सरकला तर तलावात येणारं पाणी दुसऱ्याच नाल्याला जातं.

दुरुस्ती एका दुपारी झाली. प्रत्येक ठिपक्याची आधी उंची, मग उंचीप्रमाणे सरक, मग उलट दिशेनं मागे. खालच्या ढगाला जवळपास शून्य, उंचाला सात. ३ एप्रिलचा प्रयोग नव्यानं चालवायला घेतला. मुलाचं नाव अहवालात या कामाखाली स्वतंत्र येईल, हे सरांकडून कबूल करून घेतलं.

२४ एप्रिल

संगणक कक्षाचा एसी दुपारी बंद पडला. बाहेर चाळिशीपुढे. आत नोड, म्हणजे संगणकसंचातली एकेक यंत्रं, एकामागून एक स्वतःहून बंद होत गेले. चालू असलेले सगळे रन गेले. रात्री दोन कूलर लावून निम्मे नोड चालू केले, पण कूलरची ओली हवा यंत्रांना चालत नाही म्हणून ते पुन्हा काढले. चार दिवसांचं काम मागे पडलं.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. सकाळी काटोलहून मामांचा फोन. त्यांची संत्र्याची बाग आहे, अंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालीत. टाकीत औषध कालवून ठेवलं होतं.

"पाणी येते का आज? फवारू का नको, सांग ना बापा."

आमचा दुपारसाठीचा प्रायोगिक रन समोरच होता. त्यात काटोलवर चारच्या सुमाराला सर दिसत होती. पण प्रकल्पाचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे, की प्रयोगाचा निकाल खोलीबाहेर जाणार नाही. आज बरोबर आलेलं उद्या चुकेल आणि मामांचं औषध, मजुरी, दिवस वाया जाईल. त्यांना म्हटलं, मामा, हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा बघा, नागपूरच्या केंद्राचा, तो जिल्ह्याप्रमाणे येतो. विजांसाठी दामिनी ॲप आहेच, ते मी गेल्या वर्षी त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. ते "बरं" म्हणाले, पण आवाज उतरलेला होता.

मग दुपारभर काटोलचा ढग पाहत बसले. दोन उपग्रह मिळून दर पंधरा मिनिटांना प्रतिमा. माथ्याचं तापमान पंधरा मिनिटांत ८ अंशांनी उतरलं की ढग जोरात वाढतोय, असं मानतात. अडीचला काही नव्हतं. पावणेतीनला एक ठिपका जरा गार. तीनला तोच ठिपका एकदम खाली. सव्वातीनला चार ठिपके. तेवढ्या वेळेत रडारवर पाऊस नव्हता, म्हणजे ढग वाढत होता, थेंब अजून पडायचे होते. हीच ती अर्ध्या तासाची आघाडी, जी फक्त उपग्रह देतो.

मामांनी फवारलं नाही. इशारा वेळेवर आला होता. सर सव्वाचारला आली.

८ मे

पडताळणी. इथे आपण स्वतःलाच फसवू शकतो, म्हणून सावकाश.

मॉडेलनं पाऊस दोन किलोमीटर बाजूला दाखवला तर ठिपक्याला ठिपका जुळवणाऱ्या पद्धतीत दुहेरी दंड होतो. जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून एक चूक, जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून दुसरी. काहीच पाऊस न दाखवणाऱ्या मॉडेलला त्यापेक्षा चांगले गुण मिळतात! त्यामुळे शेजार धरून मोजतो: १५ किलोमीटरच्या परिसरात किती भागावर पाऊस दाखवला आणि किती भागावर पडला. मग परिसर लहान करत जायचं आणि अंदाज कुठवर टिकतो ते बघायचं. खरी नोंद म्हणून महसूल मंडळांतल्या महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा पाऊस, तासातासाचा. काही केंद्रांची नोंद कोरडी येते तेव्हा शेजारची तीन पाहून मगच विश्वास ठेवतो.

पहिल्या तीन तासांत फायदा स्पष्ट आहे. सहाव्या तासापर्यंत तो विरत जातो. त्यापुढे कंट्रोल आणि आमचा रन सारखेच. अहवालात हे असंच जाईल.

१६ मे

सगळं एकत्र करून २३ सप्टेंबरची पहाट पुन्हा चालवली. मोकळ्या हवेची ओल, खोटे ढग काढणं, पापुद्रा ओळखून खरे ढग घालणं, सात किलोमीटरची दुरुस्ती. रात्री साडेअकरापासून दर अर्ध्या तासाची प्रतिमा घालत दीडपर्यंत आणलं आणि तिथून मॉडेल मोकळं सोडलं.

पट्टा शहरावर आला. जोर सुरू होतो तो दोनच्या पुढे, म्हणजे जवळपास खऱ्या वेळेला. पश्चिमेकडे, अंबाझरीच्या वरच्या अंगाला जास्त. पण आकडा अजून फार कमी. जे कोसळलं त्याच्या जवळपासही नाही. उपग्रहाला जमिनीलगतची ओल दिसत नाही. बाष्प वाहिनी हवेच्या मधल्या-वरच्या थरांवरच थांबते, आणि सोनेगावहून हवा मोजायला सोडतात तो फुगा दिवसातून दोनदाच जातो, पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. रात्री दोनला खालची हवा किती भरलेली होती, हे मॉडेलला सांगणारं आमच्याकडे काही नव्हतं. पुढचा टप्पा तोच: रडारचे वारे आणि जमिनीवरच्या केंद्रांची आर्द्रता याच्याशी जोडायची.

सर नकाशा पाहून काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "दीड वाजता सोडलं ना? मग निकाल हातात किती वाजता आला असता?" गणना चाळीस मिनिटांची. प्रतिमा उतरून येईपर्यंतचा वेळ धरून अडीच. पाणी घरांत शिरायच्या आधी, पण फार आधी नाही. चाळीसचे वीस करायचे आहेत.

२७ मे

काल भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं घडवलेली, ६ किलोमीटरच्या जाळीची. पंचवीसच्या जागी सहाची सुरुवातीची स्थिती मिळाली तर आमच्या आतल्या जाळीचा पाया केवढा तरी चांगला होईल. ती मिळावी म्हणून पत्राचा मसुदा सरांना दिला. मान्सून यंदा २४ मेलाच केरळात आला आणि कालच मुंबईत पोचला. आमची तयारी जूनच्या मध्याच्या हिशेबानं होती, म्हणून आज सगळ्या स्क्रिप्ट तपासल्या. रोजचे रन आता दुपारी बारा आणि रात्री साडेअकराला सुरू होतील. रात्रीच्या रनवर पहिले पंधरा दिवस कुणीतरी जागं राहायचं. पहिली पाळी मी घेतली.

मावशीला १६ तारखेचा नकाशा फोनवर दाखवला. जुन्या रात्रीचा आहे, नियमात बसतो. तिनं बोटानं मोठा करून आपली गल्ली शोधली. ३ किलोमीटरच्या चौकटीत गल्ली दिसत नाही, हे सांगितलं. "मग घर कुठेय?" म्हणाली. मी तो निळा चौकोन दाखवला. त्यात दोनच्या खाली काही नव्हतं, अडीचच्या खाली निळा, तीनच्या खाली गडद. तिनं ते तीन आकडे पुन्हा पुन्हा मागे-पुढे सरकवून पाहिले. मग उठून मशीनखालच्या विटांवर आणखी एक थर लावायला मला हाताशी घेतलं.

रात्री ११.२० : रन रांगेत. ३डीएसची ११ ची प्रतिमा आली आहे, ३डीआरची यायची आहे.